शाळेतून आलेली चिठ्ठी

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असा निरोप मंडळाच्या चिटणीसबाईंनी पाठविला, तेव्हा मी आधी नाहीच म्हणणार होते. स्मरणिकेत पाककृती असतात, उखाणे असतात, वर्षभराच्या कार्याचा अहवाल असतो. त्यात माझ्यासारखीने आणखी काय भर घालावयाची? पण मग माझ्या स्वयंपाकघरातल्या मसुराच्या डब्याची आठवण झाली आणि वाटले, ही एक गोष्ट आपण भगिनींना सांगितलीच पाहिजे. ती सांगताना थोडा मागचा इतिहासही सांगावा लागेल. तो कंटाळवाणा होणार नाही, एवढी काळजी मी घेईन.

गोष्ट अशी. काही वर्षांपूर्वी माझी धाकटी मुलगी दुसरीत असताना शाळेत डॉक्टरांचे पथक आले होते. वजन झाले, उंची झाली, दात पाहिले, डोळे पाहिले. संध्याकाळी पोरगी दप्तरातून एक चिठ्ठी घेऊन आली. डाव्या डोळ्याने कमी दिसते, नेत्रतज्ज्ञांना दाखवावे, असे तीत लिहिले होते. मी ती वाचली. सासूबाई जवळच होत्या. त्या म्हणाल्या, “काही नाही होत. चष्मा लागला तर पुढं पोरीला कोण करून घेणार?” खरे सांगते, माझ्याही मनात तेच आले होते; त्यांनी ते बोलून दाखविले इतकेच. मी चिठ्ठीची घडी केली आणि मसुराच्या डब्यात ठेवली. सुगी झाली की जाऊ, परीक्षा झाली की जाऊ, असे करता करता ती चिठ्ठी त्या डब्यात दीड वर्ष राहिली. पुढे काय झाले ते शेवटी सांगेन. आधी ती चिठ्ठी माझ्या घरापर्यंत कशी पोहोचली ते पाहू. कारण तिला यावयास शंभराहून अधिक वर्षे लागली आहेत.

आपल्याकडे मुलांची शाळा आणि मुलांचे दुखणे या दोन गोष्टी एकाच बाईने सांभाळल्याचे पहिले ठळक उदाहरण कोणाचे, असे विचारले, तर माझ्या डोळ्यांपुढे सावित्रीबाई फुले येतात. १८४८ साली पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा निघाली, ही गोष्ट आपण सर्वजणी जाणतो. परंतु त्या थोर बाईंचा अंत कसा झाला, याचे स्मरण आपण कमी वेळा करतो. १८९७ साली पुण्यात प्लेगने कहर केला. सावित्रीबाईंचे पुत्र डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळच्या माळावर रुग्णांसाठी दवाखाना उघडला होता. मुंढव्याच्या वस्तीतील एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी स्वतःच्या पाठीवर घेऊन तेथे पोहोचविले. त्या सेवेतच त्यांना प्लेगची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. ज्या हातांनी पाटीवर अक्षर गिरवून घेतले, त्याच हातांनी आजारी लेकरू उचलले. शाळेतील आरोग्यसेवा म्हणजे काय, हे समजावयास याहून मोठी व्याख्या मला सापडत नाही.

मात्र एका बाईचा त्याग वेगळा आणि रोजची व्यवस्था वेगळी. व्यवस्थेचा आरंभ आपल्या देशात झाला तो बडोद्यास, आणि तोही एका मराठी राजाच्या हातून. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावी शेतकऱ्याच्या घरी जन्मलेले सयाजीराव गायकवाड बडोद्याच्या गादीवर दत्तक गेले. त्यांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले आणि १९०६ साली ते सर्व संस्थानास लागू केले. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९०९ साली, बडोदे शहरात शाळेतील मुलांची वैद्यकीय तपासणी झाली. हिंदुस्थानात शाळकरी मुलांची अशी तपासणी होण्याची ती पहिली वेळ होय.

या दोन सालांमधील नाते भगिनींनी ध्यानात घ्यावे. जोवर शाळेत जाणे हा ज्याच्या त्याच्या मर्जीचा प्रश्न होता, तोवर मुलाच्या प्रकृतीशी सरकारचा संबंध येत नव्हता. पण सरकारने एकदा कायदा करून म्हटले की, तुमचे मूल शाळेत आलेच पाहिजे, की आईला उलट विचारण्याचा हक्क मिळाला : माझे मूल तुम्ही पाच-सहा तास एका खोलीत पन्नास मुलांबरोबर बसविता, तर त्याला खरूज लागू नये, गोवर लागू नये, त्याने उपाशी बसू नये, याची जबाबदारी कोणाची? सक्तीच्या शिक्षणामागून आरोग्याची तपासणी आली ती अशी, सक्तीची सावली म्हणून.

विलायतेतही असेच घडले. तेथे शाळेची सक्ती आधी आली; परंतु मुलांच्या शरीराकडे लक्ष गेले ते बोअर युद्धाच्या वेळी. सैन्यात भरती व्हावयास आलेल्या तरुणांपैकी कितीतरी जण अंगाने इतके दुबळे निघाले, की सरकारला चौकशी नेमावी लागली. त्यानंतर १९०६ साली शाळेतील गरीब मुलांना जेवण देण्याचा आणि १९०७ साली त्यांची वैद्यकीय तपासणी करण्याचा कायदा झाला. सरकारला मुलांची आठवण झाली ती बंदुकीसाठी माणसे कमी पडू लागल्यावर! पण आठवण झाली, हेही नसे थोडके.

आता थोडे न्यूयॉर्कला जाऊन येऊ. कारण माझ्या मसुराच्या डब्याचे उत्तर तेथे आहे. त्या शहरातील शाळांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस डॉक्टर तपासणीस येऊ लागले होते. ते काय करीत? मुलाच्या डोक्यात उवा दिसल्या, अंगावर गजकर्ण दिसले, डोळ्यांत खुपऱ्या दिसल्या, की हातात चिठ्ठी देऊन त्याला घरी पाठवीत. म्हणजे शाळा स्वच्छ झाली. पण मूल? मूल चिठ्ठी घेऊन घरी जाई. परदेशातून येऊन राहिलेल्या मजूर आईला ती वाचता येत नसे. ती शिलाईच्या कामात बुडालेली असे. औषध होत नसे आणि मूल आठवडेच्या आठवडे गल्लीत खेळत राही. तपासणी वाढली तशी गैरहजेरीच वाढली.

तेव्हा गरीब वस्तीत घरोघर जाऊन शुश्रूषा करणाऱ्या लिलियन वॉल्ड या बाईंनी महापालिकेस सुचविले की, एक परिचारिका महिनाभर शाळांना देऊन पाहा. त्याप्रमाणे १ ऑक्टोबर १९०२ रोजी लीना रॉजर्स नावाची तरुण परिचारिका चार शाळांत कामास लागली. तिने नवीन औषध शोधले नाही. शाळेतल्या शाळेत जखम धुवावी, मलम लावावे आणि मुलाला वर्गात परत बसवावे. ज्याला घरी पाठवावेच लागेल, त्याच्या मागोमाग आपण त्याच्या घरी जावे, आईजवळ बसावे, उवा कशा काढावयाच्या ते हाताने करून दाखवावे, आणि दोन दिवसांनी पुन्हा जाऊन विचारावे, एवढेच ती करी. वर्षभरात आजारपणापायी घरी धाडाव्या लागणाऱ्या मुलांची संख्या जवळजवळ नव्वद टक्क्यांनी खाली आली. महिन्याचा प्रयोग कायमचा झाला आणि शाळेतील परिचारिका हा नवा पेशा जगात रुजला.

या हकिकतीतून मी एकच गोष्ट शिकले. डॉक्टर दोष शोधून काढतो. पण मूल बरे होते ते त्या दोषाचा कोणी घरापर्यंत पाठपुरावा केला तरच.

आता आपल्या कोल्हापूरकडे वळू. आपल्या संस्थानात या कामाचा पाया स्त्रियांनी घातला आहे, याचा आपल्याला अभिमान असावयास हवा. आपण ज्याला सीपीआर म्हणतो, ते छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय पूर्वी आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल या नावाने ओळखले जाई. १८८६ साली अमेरिकेत डॉक्टर होऊन येणाऱ्या आनंदीबाई जोशी यांना कोल्हापूर दरबारने याच रुग्णालयातील स्त्रियांच्या विभागाची प्रमुख म्हणून नेमले होते. पण त्या क्षयाने खंगून परत आल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षेही पुरी झालेली नसताना, पुण्यास वारल्या. कोल्हापूरच्या बायकांना त्यांचा हात लाभला नाही. ती जागा मात्र कायमची रिकामी राहिली नाही. राजर्षी शाहू महाराजांनी मुलींच्या शिक्षणाची जबाबदारी रखमाबाई केळवकर यांच्यावर टाकली आणि त्यांची कन्या डॉ. कृष्णाबाई केळवकर यांस या रुग्णालयात नेमले; पुढे त्यांना प्रसूतिशास्त्राच्या उच्च शिक्षणासाठी विलायतेसही पाठविले. आई मुलींच्या शाळा पाहते आणि लेक दवाखाना पाहते. एकाच घरात शाळा आणि आरोग्य अशी दोन्ही नांदत होती.

आणि मग आला तो १९१७ चा कायदा. शाहू महाराजांनी आपल्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. ४ मार्च १९१८ रोजी आपल्या करवीर भागातल्याच चिखली गावी या कायद्याखालची पहिली शाळा उघडली. मुलाला शाळेत न पाठविणाऱ्या पालकास महिना एक रुपया दंड ठेवला होता. त्या काळच्या एका रुपयाचे मोल काय होते, हे आपल्या आजेसासूबाई असत्या तर त्यांनी सांगितले असते. महाराजांना खेड्यातले मूल वर्गात आणावयाचे होते, आणि ते त्यांनी आणून दाखविले.

त्याच सुमारास पुण्यात दुसरे एक मोलाचे काम चालले होते. शाळेत किंवा घरोघर जाणारी परिचारिका हवी, हे खरे. पण त्या काळी परिचारिका व्हावयास कुलीन म्हणविणाऱ्या घरातली बाई येणार कोठून? परक्या माणसाला हात लावावयाचा, रक्त-पू पुसावयाचा, रात्रपाळी करावयाची! रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली १९०९ साली पुण्यात सुरू झालेल्या सेवासदनाने हा प्रश्न अंगावर घेतला. विधवा आणि गरजू स्त्रियांना ससून रुग्णालयात शुश्रूषेच्या शिक्षणासाठी पाठविण्यास सेवासदनाने आरंभ केला. लोकांनी नाके मुरडली. आज गावात नर्सबाई आल्या की आपण ओटीवर चटई टाकतो आणि चहा ठेवतो. त्या मानाच्या मागे त्या पहिल्या मुलींनी सोसलेली बोलणी आहेत.

आपल्या गावाच्या शेजारचीच एक हकिकत येथे सांगावयाची राहू नये. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ ते १९४८ या वर्षांत, आपल्या जवळच्या वळिवडे येथे पोलंड देशातील सुमारे पाच हजार निर्वासितांची वसाहत होती. त्यांत बहुतेक बायका आणि मुलेच. रशियात हद्दपारीत उपासमार आणि रोगराई सोसून, इराणमार्गे ही माणसे येथे आली होती. त्यांना राहण्यासाठी ज्या रांगा बांधल्या, त्यांबरोबरच शाळा उभ्या राहिल्या, दवाखाना उभा राहिला आणि प्रार्थनामंदिरही. खंगलेल्या मुलाला आधी उभे करावे आणि मग शिकवावे, किंबहुना दोन्ही एकदम करावे, हे तेथे करून दाखविले गेले. पुढे त्याच जागेच्या आसपास सिंधी निर्वासितांची वस्ती होऊन आजचे गांधीनगर झाले. आपण बाजाराला गांधीनगरला जातो, तेव्हा एके काळी येथे परमुलखातील आया आपल्या आजारी लेकरांना उशाशी घेऊन बसल्या होत्या, याची आठवण ठेवावी.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६ साली, भोर समितीने देशाच्या आरोग्याची पाहणी केली. शाळकरी मुलांसाठीची सेवा बहुतेक ठिकाणी जवळजवळ नाहीच, असा तिचा अभिप्राय होता. १९६० साली केंद्र सरकारने श्रीमती रेणुका राय यांच्या अध्यक्षतेखाली शालेय आरोग्य समिती नेमली व तिचा अहवाल १९६१ साली आला. शाळेत प्रवेश घेताना आणि त्यानंतर दर चार वर्षांनी मुलाची तपासणी व्हावी. दोष आढळल्यास उपचार व पाठपुरावा व्हावा. संसर्गजन्य रोगांपासून बचाव, शुद्ध पाणी, स्वच्छतागृह, दात, डोळे, मनाचे आरोग्य आणि अपंग मुलांचे शिक्षण हे सर्व शाळेच्या आरोग्यसेवेत यावे, अशी तिची दृष्टी होती. शाळेत जे जेवण द्यावयाचे, त्यातून मुलाच्या दिवसभराच्या गरजेच्या एक तृतीयांश ऊर्जा आणि निम्मी प्रथिने मिळावीत, असेही ठरले. आजच्या सर्व योजनांची बीजे त्या अहवालात आहेत. या समितीच्या अध्यक्षस्थानी एक स्त्री होती, ही गोष्ट मला योगायोगाची वाटत नाही.

आपल्यातील ज्येष्ठ भगिनींना त्या काळची शाळा आठवत असेल. देवी टोचावयास माणूस आला, की निम्मी पोरे खिडकीतून उड्या टाकून शेतात पळत. दंडावरचे ते वाटोळे व्रण अजून कित्येकींच्या अंगावर आहेत. परंतु त्या पळापळीचे फळ काय, तेही पाहा. १९७५ साली भारतातील देवीचा अखेरचा रोगी नोंदला गेला, १९७७ साली देश देवीमुक्त ठरला आणि १९८० साली जगच त्या रोगातून सुटले. पोलिओचेही तसेच. देशातील शेवटचा रोगी जानेवारी २०११ मध्ये बंगालमध्ये आढळला आणि २०१४ साली आपण पोलिओमुक्त ठरलो. ज्या आयांनी रडणारे पोर घट्ट धरून थेंब पाजले, त्या सर्वजणी या विजयाच्या धनी आहेत.

त्यानंतर ताटाची पाळी आली. १५ ऑगस्ट १९९५ रोजी केंद्र सरकारने प्राथमिक शाळांसाठी पोषण आहाराची योजना सुरू केली. पहिल्यांदा मुलाच्या हजेरीवर महिन्याला तीन किलो तांदूळ घरी मिळत. तो तांदूळ सगळ्या घराच्या भांड्यात शिजे आणि त्या मुलाच्या वाट्याला किती येई, ते आईलाच ठाऊक. नोव्हेंबर २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की, शाळेत शिजवलेले अन्नच दिले पाहिजे. तेव्हापासून हळूहळू शाळेच्या आवारात चुली पेटल्या आणि खिचडीचा वास वर्गात शिरला. पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज शंभर ग्रॅम धान्य आणि त्यातून ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत. सहावी ते आठवीच्या मुलामागे दीडशे ग्रॅम धान्य, ७०० उष्मांक व २० ग्रॅम प्रथिने मिळावीत, असे प्रमाण ठरले. कितीतरी गावांत ते शिजवावयास बचत गटांच्या बायकाच उभ्या असतात. खिचडीत डाळ किती पडली, भाजी पडली की नाही, हे पाहावयास कोणाचा हुकूम लागत नाही. कोणतीही आई शाळेत जाऊन चव घेऊ शकते, आणि तिने ती घ्यावी.

माझी चिठ्ठी ज्या योजनेतून आली, ती राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम या नावाची. तिचा आरंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्याच महाराष्ट्रात, पालघर येथे झाला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांत जन्मजात दोष, आहारातील उणिवा, बालपणचे रोग आणि वाढीतील अडथळे वेळीच शोधावयाचे, हा तिचा हेतू. फिरत्या पथकात एक पुरुष व एक स्त्री असे दोन डॉक्टर, एक परिचारिका आणि एक औषधनिर्माता असतात. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा त्यांनी यावयाचे. दोष आढळला तर चिठ्ठी देऊन मोठ्या दवाखान्यात पाठवावयाचे आणि पुढचा उपचार, प्रसंगी शस्त्रक्रियाही, विनामूल्य व्हावयाची. हृदयाला छिद्र असलेली, टाळू फाटलेली, पाय वाकडे असलेली कितीतरी मुले या वाटेने बरी झाली आहेत.

तिच्याबरोबर आणखी काही गोष्टी शाळेत आल्या. २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळू लागले. त्या दिवशी मिळणारी अल्बेंडाझोलची गोळी मुलाने चावून खावयाची असते. पोटात जंत असतील, तर आईने चारलेल्या घासातला वाटा आधी जंत घेतात, हे लक्षात ठेवले, की गोळीची भीती उरत नाही. रक्तवाढीच्या गोळ्या आठवड्यातून एकदा देण्याची रीत आहे. पाच ते नऊ वर्षांच्या मुलांसाठी गुलाबी आणि त्यापुढच्यांसाठी निळी. ती उपाशीपोटी घेऊ नये, तिच्यावर लगेच चहा पिऊ नये. शौचास काळसर झाले तर घाबरू नये. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या शंभर बालकांपैकी जवळजवळ एकोणसत्तर बालकांच्या अंगात रक्त कमी आढळले. म्हणजे आपली बहुसंख्य मुले शाळेची पायरी चढतात तीच फिकट चेहऱ्याने. नोव्हेंबर २०१८ मध्ये गोवर-रुबेलाची लस शाळाशाळांतून टोचली गेली. २०२० पासून प्रत्येक शाळेत दोन शिक्षकांनी आरोग्यदूत म्हणून काम पाहावे, अशी योजना आली आणि २०२३ साली राज्य सरकारने अठरा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांच्या तपासणीची मोहीम काढली.

इतके सगळे झाले. मग उणे काय राहिले? उणे राहिली ती लीना रॉजर्स. आपल्या प्राथमिक शाळेत रोज हजर असणारी परिचारिका नाही. पथक वर्षातून एकदा येते, शेकडो मुले पाहते आणि पुढच्या गावी जाते. गावच्या नर्सबाई व आशाताई आहेत. पण बाळंतिणी, तान्ही मुले, लसी, नोंदवह्या यांतून त्यांना श्वास घ्यावयास फुरसत नाही. चिठ्ठी देण्यापर्यंत सरकार येते. चिठ्ठीपासून दवाखान्यापर्यंतची वाट ही आईची. ही वाट एस.टी.च्या भाड्याची आहे, बुडणाऱ्या रोजगाराची आहे, ‘लोक काय म्हणतील’ याची आहे.

आता माझ्या डब्याकडे येते. दीड वर्षाने एके दिवशी नर्सबाई आमच्या जावेच्या बाळाला डोस द्यावयास आल्या होत्या. निघताना चप्पल घालता घालता त्यांनी सहज विचारले, “वहिनी, त्या पोरीच्या डोळ्याच्या चिठ्ठीचं काय केलंत?” मी काही बोलले नाही. आत गेले आणि डब्यात हात घातला. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “उद्या सकाळी आठच्या गाडीनं निघा. मी तिथं फोन करून ठेवते.” बस्स, एवढेच.

डॉक्टरांनी पोरीचा उजवा डोळा हाताने झाकला आणि समोरच्या पाटीवरचे अक्षर विचारले. ती गप्प उभी राहिली. तिला वाटले, आपण नापास झालो. तेव्हा मला कळले, की वर्गात पोरगी मागे पडते, फळ्यावरचे उतरून घेत नाही, म्हणून मी तिला जो मार दिला, तो कशासाठी दिला. एका डोळ्याचा नंबर लहानपणी ध्यानात आला नाही, तर मेंदू त्या डोळ्याचे ऐकणे सोडून देतो आणि तो डोळा आळशी होतो. सात-आठ वर्षांच्या आत उपाय केला तर गुण चांगला येतो. उशीर होईल तसा तो कमी येतो. तिला चष्मा लागला, चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी बांधावी लागली. डोळा बराच सुधारला, पण पुरता नाही. डॉक्टर म्हणाले, “आणखी आधी आणायला हवी होती.” पोरगी आता चष्मा लावून हायस्कुलात जाते, आणि सासूबाईच तिचा चष्मा रोज पदराने पुसून देतात. परंतु त्या डोळ्यात जे थोडे कमी आहे, ते माझ्या दीड वर्षाचे आहे.

म्हणून भगिनींनो, इतिहास सांगून झाल्यावर मंडळापुढे एक लहानशी सूचना ठेवते. आपण नवीन योजना काढू नये, वर्गणी गोळा करू नये. एक दोनशे पानी वही घ्यावी. शाळेत तपासणी झाली, की आपल्यापैकी दोघींनी मुख्याध्यापकांच्या परवानगीने, आणि ज्या आया राजी असतील त्यांच्याच बाबतीत, कोणाला चिठ्ठी मिळाली ते त्या वहीत लिहावे. नावापुढे दुखण्याची चर्चा नको, फक्त ‘दाखविले’ किंवा ‘राहिले’ एवढेच असावे. कोणाच्या मुलीचे काय दुखते, हे वहीबाहेर जाऊ नये. पंधरा दिवसांनी त्या घरी जाऊन एकच प्रश्न विचारावा : “चिठ्ठीचं काय केलंत?” जिला सोबत हवी, तिला सोबत द्यावी. जिचा रोजगार बुडतो, तिचे मूल दुसऱ्या आईने आपल्या मुलाबरोबर न्यावे.

जोडीला आपण सर्वजणींनी काही साधे नियम पाळावेत. अंगात ताप असता मुलाला शाळेत धाडू नये. कांजिण्यांच्या सर्व फोडांवर खपली धरेपर्यंत, गोवर उठल्यापासून चार दिवस आणि गालगुंड सुजल्यापासून पाच दिवस मूल घरीच ठेवावे. आई-माऊलीचा मान जरूर राखावा, ओटी भरावी. पण डॉक्टरला दाखवावे आणि लस चुकवू नये. पाचव्या वर्षीचा डोस व दहाव्या वर्षीचे धनुर्वात-घटसर्पाचे इंजेक्शन विसरू नये. आणि उवांसाठी मात्र पोरीला घरी बसवू नये, की कोणाच्या पोरीला चारचौघांत हिणवू नये. फणी आणि औषध पुरे असते. शंभर वर्षांपूर्वी ज्या कारणासाठी न्यूयॉर्कची मुले शाळेबाहेर बसत, त्या कारणासाठी गडमुडशिंगीची मुलगी आज वर्गाबाहेर बसावयास नको.

सावित्रीबाईंनी मूल पाठीवर घेतले. राजर्षींनी ते शाळेत आणले. सरकारने त्याच्या दप्तरात चिठ्ठी ठेवली. आता ती चिठ्ठी उघडून वाचावयाची आणि दुसऱ्या दिवशी आठची गाडी धरावयाची, एवढेच काम आपल्याकडे आहे.

माझ्या घरातला तो मसुराचा डबा अजून तोच आहे. त्यात आता मसुराखेरीज दुसरे काही ठेवीत नाही.